रेसिड्युअल उतरत नव्हते, आकडा तर द्यायचा होता

मागच्या वर्षी जानेवारीपासून जूनपर्यंत एका डिफ्यूझरच्या सिम्युलेशनने, म्हणजे हवेचा प्रवाह संगणकावर सोडवण्याच्या कामाने, माझा पिच्छा पुरवला. काम संपलं, अहवाल मंजूर झाला, तरी रेसिड्युअलचा, म्हणजे समीकरणांत शिल्लक राहिलेल्या असमतोलाचा, आलेख शेवटपर्यंत ठरलेल्या रेषेखाली काही गेला नाही. ‘कन्व्हर्ज होत नाही (उत्तर एका जागी स्थिरावत नाही), मग हा आकडा धरायचा की टाकायचा’ या प्रश्नावर जे अडकलेत त्यांच्यासाठी सगळं घडलं त्या क्रमाने लिहून ठेवतोय.

आधी कामाचं स्वरूप. डिफ्यूझर म्हणजे पुढे रुंद होत जाणारा नळ. पंख्यातून वेगाने आलेली हवा त्यात संथ होते आणि गेलेल्या वेगाच्या बदल्यात दाब परत मिळतो. आमच्याकडे आत येणारी हवा सेकंदाला २० मीटर, तोंडाची रुंदी पाव मीटर, लांबी सुमारे १.४ मीटर, बाहेर पडताना क्षेत्रफळ तिप्पट, आणि जागा अपुरी म्हणून समोरासमोरच्या दोन भिंतींमधला कोन २० अंश. माझ्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दाब किती परत मिळतो, कारण पंख्याची निवड त्यावर ठरणार होती. दुसरी, बाजूच्या भिंतीच्या पत्र्यावर दाबाचे हेलकावे किती मोठे येतील, कारण पत्र्याची जाडी त्यावर. या दोन मागण्या शेवटी दोन वेगळ्या वाटांनी गेल्या, म्हणून त्या आत्ताच वेगळ्या सांगतोय.

आकार सममित होता, त्यामुळे पहिला रन अर्ध्या मॉडेलचा, मधोमध सममिती-प्रतल घालून. हवेतल्या खळबळीसाठी (टर्ब्युलन्ससाठी) के-ओमेगा एसएसटी मॉडेल, स्थिर म्हणजे वेळेनुसार न बदलणारा प्रवाह, आणि उत्तर फेरीफेरीने (इटरेशनने) सुधारत नेणारी सिम्पल पद्धत. रेसिड्युअल सरळ रेषेत उतरले, दुपारपर्यंत काम आटोपलं. दाब-पुनर्प्राप्तीचा गुणांक, म्हणजे आत येणाऱ्या हवेच्या गतिज दाबापैकी परत मिळालेला वाटा, ०.६० आला. घर्षण नसतं आणि प्रवाह भिंतींना चिकटून राहिला असता तर क्षेत्रफळाच्या तिपटीवरून तो ०.८९ आला असता, त्यामुळे ०.६० काही वावगा वाटत नव्हता. पण भिंतीवरच्या घर्षण-ताणाचं चित्र पाहिलं तर प्रवाह अर्ध्या वाटेवरच भिंतीपासून सुटलेला. सममिती-प्रतल घातलं की दोन्ही भिंतींवर सारखंच सुटायचं अशी सक्ती होते, आणि असा प्रवाह प्रत्यक्षात ही सक्ती पाळतोच असं नाही. म्हणून अख्खं मॉडेल चालवलं, ४० लाख सेल (नळातल्या जागेचे छोटे तुकडे; त्यांची जाळी म्हणजे मेश).

आणि मग सुरू झालं. हजारभर इटरेशनपर्यंत रेसिड्युअल गुणी मुलासारखे खाली आले, ०.००१ च्या जरा वर थबकले आणि तिथेच वरखाली करत राहिले. रात्रभर चालू ठेवलं, सकाळी तीच नागमोडी रेघ. दाब-गुणांकही ०.५० ते ०.५७ मध्ये झुलत होता. त्याची सरासरी ०.५३५. म्हणजे सुरेख कन्व्हर्ज झालेल्या अर्ध्या मॉडेलच्या उत्तरापासून हे बरंच लांब होतं.

इथे माणूस पहिल्यांदा काय करतो? रिलॅक्सेशन फॅक्टर, म्हणजे प्रत्येक इटरेशनला उत्तर किती बदलू द्यायचं ते प्रमाण, कमी करतो. दाबाचा ०.३ वरून ०.२, वेगाचा ०.७ वरून ०.५. मीही केलं. रेघेची लाट लांबट झाली, उंची जवळजवळ तेवढीच. मग ऑफिसात सगळ्यांनी सुचवलेला दुसरा उपाय: फर्स्ट ऑर्डर अपविंड, म्हणजे प्रवाह जिकडून येतो त्या सेलमधली किंमत तशीच उचलणारी ढोबळ पद्धत. तो लावताच रेसिड्युअल दगड टाकल्यासारखे खाली गेले, ०.००००१ च्याही खाली. गुणांक ०.६१. आलेख इतका देखणा की छापून भिंतीवर लावावा. पण फर्स्ट ऑर्डर पद्धत समीकरणात आपल्या पदरचा चिकटपणा मिसळते, आणि तो सेलच्या आकाराच्या प्रमाणात असतो. मेश जितकी जाड तितकी हवा नकळत घट्ट होते. अशा हवेत हेलकावे मरतात. म्हणजे सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) शांत झाला होता तो माझ्या प्रवाहाचं नव्हे, दुसऱ्याच एका दाट द्रवाचं उत्तर काढून. फर्स्ट ऑर्डरने सुरुवात करून पुढे सेकंड ऑर्डरवर जाणं चांगलं, मी अजूनही तसंच करतो. पण शेवटचा आकडा त्यावरून देऊ नये असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

फेब्रुवारीचा बराचसा वेळ कारणं वगळण्यात गेला. कंटाळवाणं काम, पण हे टाळून पुढे गेलात तर नंतर कुणीही साध्या प्रश्नात तुम्हाला अडवू शकतं. मेशचा दर्जा तपासला: ऑर्थोगोनॅलिटीतला सर्वात मोठा फरक ७० अंशांच्या आत, तिरकेपणाही ठीक. भिंतीलगतच्या पहिल्या सेलचं वाय प्लस, म्हणजे भिंतीपासूनचं एककरहित अंतर, १ च्या आसपास. आकड्यांची अचूकता सिंगल प्रिसिजनवरून डबलवर नेली, काही फरक नाही. बाहेरच्या तोंडावर उलटा प्रवाह येत असल्याची सूचना मात्र सॉल्व्हर दर इटरेशनला देत होता. सुटलेल्या प्रवाहाचा भोवरा थेट तोंडावर येऊन आदळत होता. पुढचा सरळ नळ बाहेरच्या रुंदीच्या पाचपट वाढवला तशी सूचना बंद झाली आणि रेसिड्युअल थोडे उतरले. थोडेच. लाट राहिलीच.

या टप्प्यावर एक गोष्ट केली ती सर्वात कामाची ठरली, आणि ती फार थोडे लोक करतात. रेसिड्युअलचा जो एक आकडा आपण पाहतो तो सगळ्या सेलमधल्या शिल्लक असमतोलाची एकत्र बेरीज असते, तीही कशाने तरी भागलेली. कशाने भागलेली हे प्रत्येक सॉल्व्हरमध्ये वेगळं. काही ठिकाणी पहिल्या इटरेशनच्या किमतीने भागतात, मग चांगल्या अंदाजाने सुरुवात केलीत तर रेसिड्युअल ‘कमी उतरले’ असं दिसतं! म्हणून दोन वेगळ्या सॉफ्टवेअरच्या ०.००१ ची तुलना करू नका. त्यापेक्षा प्रत्येक सेलचा रेसिड्युअल फाइलमध्ये लिहून घ्या आणि वेगासारखाच त्याचा रंगीत नकाशा काढा. मी काढला. नव्वद टक्के जागा स्वच्छ निळी. मोठे आकडे एकाच पट्ट्यात, जिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो तिथून निघून मुख्य झोत आणि मागे वळलेली हवा यांच्या सीमेवरून पुढे वाहत गेलेले. दोनशे इटरेशननंतर पुन्हा काढला तर पट्टा समोरच्या भिंतीकडे सरकलेला. वाईट सेलमुळे येणारा रेसिड्युअल जागचा हलत नाही. हा हलत होता.

तेव्हा जुनी माहिती आठवली. स्टॅनफर्डला स्टीफन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात आणि त्यापुढे डिफ्यूझरमधल्या प्रवाहाचे प्रकार नकाशात मांडले होते. कोन लहान असेल तर प्रवाह भिंतीला धरून असतो. कोन खूप मोठा असेल तर तो एका भिंतीपासून कायमचा सुटतो, त्याहून मोठा असेल तर दोन्ही भिंती सोडून मधून झोतासारखा निघून जातो. या टोकांच्या मध्ये एक पट्टा आहे जिथे सुटणं अस्थिर असतं: कधी या भिंतीवर, कधी त्या, कधी पुसलंही जातं. दाबाचे सर्वात मोठे हेलकावे याच पट्ट्यात. गंमत म्हणजे दाब-पुनर्प्राप्ती सर्वात चांगली मिळते तीही या पट्ट्याच्या उंबरठ्याजवळ, त्यामुळे डिझाइन करणारे आपसूक इकडेच ओढले जातात. लांबी-रुंदीचं गुणोत्तर आणि २० अंश त्या नकाशावर ठेवून पाहिलं तर आमचा डिफ्यूझर नेमका तिथेच.

म्हणजे ज्या प्रवाहाला स्थिर अवस्थाच नाही त्याचं स्थिर उत्तर मी मागत होतो. दंडगोलामागचं उदाहरण सगळ्यांनी शिकलेलं असतं: रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाच्या जडत्वाचं चिकटपणाशी गुणोत्तर) ४७ च्या आसपास ओलांडला की भोवरे आळीपाळीने सुटू लागतात आणि स्थिर सॉल्व्हर तिथे गटांगळ्या खातो. पण तेच आपल्या कामात, सममित दिसणाऱ्या पत्र्याच्या नळात समोर आलं की आपण रिलॅक्सेशन फॅक्टर चिवडत बसतो. जीव भांड्यात पडला हे खरं, पण लगेच दुसरा घोर लागला: आता अस्थिर सिम्युलेशन करावं लागणार.

त्याआधी एक मोह सांगतो. गुणांक ०.५० ते ०.५७ मध्ये झुलतोय, सरासरी ०.५३५, ती लिहून मोकळं व्हावं. पण सिम्पलमधली इटरेशन म्हणजे वेळ नव्हे. रिलॅक्सेशनमुळे प्रत्येक सेल जणू आपापल्या घड्याळाने पुढे सरकतो, त्यामुळे त्या लाटेचा काळ आणि उंची यांना भौतिक अर्थ नसतो. सरासरी बरोबर निघू शकते, पण ती बरोबर आहे हे त्या रनमधून कळायला मार्ग नाही.

मार्चमध्ये अस्थिर रनची आखणी केली. हवेला नळाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला सुमारे ०.१४ सेकंद लागतात. पण प्रवाह कूस बदलतो तो बराच सावकाश, छोट्या चाचणी रनमध्ये साधारण पाऊण सेकंदाला एकदा, तोही अनियमित. नीट सरासरी हवी तर निदान २० सेकंदांचा प्रवाह लागणार. टाइम स्टेप ०.००१ सेकंद, म्हणजे २० हजार स्टेप आणि प्रत्येकात दहाएक आतली इटरेशन. हिशेब केला तर सुमारे २२०० कोअर-तास (प्रोसेसरचा एक कोअर एक तास चालणं म्हणजे एक कोअर-तास). स्थिर रन ५५ मध्ये होत होता.

आता कागदपत्रं. आमच्या क्लस्टरवर, म्हणजे जोडलेल्या संगणकांच्या सामायिक संचावर, एका माणसाला महिन्याला ५००० कोअर-तास, आणि एका जॉबला ४८ तासांची मर्यादा. सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे टोकन दिवसा दुसऱ्या गटाकडे असत, म्हणून माझे जॉब रांगेत पडून राहायचे आणि रात्री सुटायचे. मर्यादा संपली की जॉब मारला जातो. दर दोन तासांनी रीस्टार्ट फाइल लिहायची सोय आधीच करून ठेवा, आणि जुन्या फाइल आपोआप पुसायचीही, नाहीतर डिस्कची मर्यादा भरून जॉब मध्येच थांबतो आणि रांगेत पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं. सरासरी काढण्याचे आकडे रीस्टार्टनंतर शून्यापासून सुरू होत नाहीत ना, हेही एका छोट्या जॉबवर बघून घ्या. ते कुठेही ठळक लिहिलेलं नसतं.

पहिला लांब रन आला तेव्हा आलेख डोळे भरून पाहिला. प्रवाह खरोखरच या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होता. आणि आता रेसिड्युअल? प्रत्येक टाइम स्टेपच्या आत ते शंभर ते हजार पटींनी उतरत होते. अस्थिर सिम्युलेशनमध्ये कन्व्हर्जन्स बघायचा तो इथे. आतली इटरेशन अपुरी ठेवली तर वेळ पुढे जाते पण समीकरण सुटत नाही, आणि मग स्थिर रनपेक्षाही वाईट अवस्था होते, कारण हलतं चित्र पटकन खरं वाटतं.

सुरुवातीचे दोन सेकंद सोडून पुढच्या २० सेकंदांची सरासरी घेतली: ०.५२५. यातली अनिश्चितता किती, हे कागदावर मांडता येतं. गुणांकाचं प्रमाण विचलन ०.०२५ होतं. स्टेप २० हजार असल्या तरी लागोपाठच्या स्टेप एकमेकींची नक्कल असतात, त्या स्वतंत्र धरता येत नाहीत. कूस बदलण्याच्या घटना पंचवीसेक, म्हणून स्वतंत्र नमुने पंचवीस धरले. पंचविसाचं वर्गमूळ पाच, ०.०२५ भागिले ५ म्हणजे ०.००५. पडताळा म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या दहा सेकंदांची सरासरी वेगवेगळी काढली, दोन्ही या अंतरात बसल्या. टाइम स्टेप निम्मी करून पाहिली, फरक ०.००३, म्हणजे या गोंगाटाच्या आतच.

स्थिर रनच्या झुलत्या सरासरीपेक्षा हा आकडा फक्त ०.०१ ने वेगळा निघाला. म्हणजे तो मोह खरा ठरला असता? दाब-गुणांकापुरता, हो. पण वेगाच्या वाटपाचं चित्र समोरासमोर ठेवलं तर स्थिर रनची सरासरी एका भिंतीकडे झुकलेली होती आणि अस्थिर रनची जवळजवळ सममित. कन्व्हर्ज न झालेल्या एकाच रनमधला एक आकडा चालण्याजोगा आणि दुसरा चुकीचा असू शकतो. म्हणून ‘हा रन विश्वासार्ह आहे का’ असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. कोणता आकडा, आणि किती अचूक हवा, हे विचारावं.

एप्रिलमध्ये मेशचा अभ्यास. १२ लाख, ४० लाख, १ कोटी ३५ लाख सेल, म्हणजे प्रत्येक पायरीला सेलची बाजू दीडपटीने लहान. रोश यांनी १९९४ मध्ये मांडलेला ग्रिड कन्व्हर्जन्स इंडेक्स, म्हणजे मेश बारीक केल्यावर उत्तर किती सरकतं त्यावरून अनिश्चितता काढायचं माप, यासाठी वापरतात. मोठ्या मेशला ११ हजार कोअर-तास लागणार होते, माझ्या महिन्याच्या कोट्याच्या दुपटीहून जास्त. अर्ज केला, त्यात ‘अपेक्षित फायदा’ असा रकाना होता. तिथे मी लिहिलं: पंख्याच्या निवडीतली अनिश्चितता कळेल. अर्ज परत आला, आकड्यात लिहा म्हणून. लिहिलं, मग मंजूर झाला. या सगळ्यात महिन्याचा मोठा भाग गेला, तेव्हा अर्ज आधी टाका आणि मधल्या काळात छोटे रन करा.

तीन मेशची उत्तरं ०.४९०, ०.५२५ आणि ०.५४०. सूत्रात घातली की पद्धतीची ऑर्डर, म्हणजे सेल लहान होताना चूक किती वेगाने घटते तो घातांक, २.०९ येते आणि अनिश्चितता २.६ टक्के. सेकंड ऑर्डर पद्धतीला २.०९! मोह पडावा असा आकडा. पण प्रत्येक सरासरीत ०.००५ चा गोंगाट आहे. तो जरा इकडचा तिकडे धरला की तीच ऑर्डर ०.६ पासून ४ पर्यंत कुठेही जाते. म्हणून मी ऑर्डर १ धरली, अनिश्चितता सुमारे ७ टक्के झाली, आणि अहवालात ०.५४ अधिक-उणे ०.०४ लिहिलं. के-एप्सिलॉन या दुसऱ्या टर्ब्युलन्स मॉडेलने तोच रन केला तर ०.५९ आला. वाढत्या दाबाविरुद्ध जाणाऱ्या प्रवाहात ते मॉडेल हवेला भिंतीशी जरुरीपेक्षा जास्त वेळ चिकटवून ठेवतं हे माहीत असलेलं, पण आकडा माझ्या पट्ट्याच्या बाहेर पडला हे लिहिणं भाग होतं. टर्ब्युलन्स मॉडेलची अनिश्चितता मेशच्या अनिश्चिततेत येत नाही. ती वेगळीच असते, आणि इथे ती मोठी निघाली.

मे महिन्यात अहवाल तपासणीला गेला. सोबतच्या फॉर्ममध्ये प्रश्न: रेसिड्युअल ठरलेल्या मर्यादेखाली गेले का? पर्याय दोनच, हो किंवा नाही. मी स्थिर रनपुढे ‘नाही’ वर खूण केली आणि दोन पानांचं टिपण जोडलं. तपासणाऱ्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, “तुम्ही ‘नाही’ लिहिलंय, आणि खाली आकडाही दिलाय. मी सही कशावर करू?”

मी म्हटलं, “मॅडम, आकडा अस्थिर रनचा आहे. स्थिर रन का उतरत नाही ते चौथ्या आकृतीत आहे.” आणि रेसिड्युअलचे ते दोन नकाशे समोर ठेवले.

त्यांनी बराच वेळ पाहिले. मग विचारलं ते मी सोडून दिलेलं नव्हतं, पण लिहिलंही नव्हतं: रन वेगळ्या सुरुवातीपासून केला तर तिथेच येतो का? प्रवाह एका भिंतीला चिकटलेल्या अवस्थेतून आणि हवा पूर्ण थांबलेल्या अवस्थेतून, असे दोन्ही रन झालेले होते. जाड मेशवर पहिल्या रनमध्ये प्रवाह बराच काळ त्याच भिंतीला धरून राहिला, बारीक मेशवर दोन्ही सारखे झाले. ती आकृती घातल्यावर टिपण तीन पानांचं झालं. वस्तुमानाचा समतोल, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली हवा यातला फरक, दर स्टेपला ०.०१ टक्क्याच्या आत होता, तोही तक्त्यात हवा म्हणाल्या. योग्यच. रेसिड्युअल काहीही असोत, तो समतोल बिघडलेला असेल तर पुढचं काहीच वाचू नये.

भिंतीवरच्या दाबाच्या शिखरांवर मात्र त्यांनी आणि मी दोघांनीही काट मारली. या प्रकारच्या सिम्युलेशनमध्ये टर्ब्युलन्सचे लहान हेलकावे मॉडेलच्या आत गडप होतात, दिसतात ते फक्त मोठे, सावकाश. शिखराचा आकडा बारीक मेशवर वाढतच होता, कुठे थांबेल ते दिसत नव्हतं. अहवालात त्या रकान्यात ‘सिम्युलेशनवरून देता येत नाही, मोजावं लागेल’ असं लिहिलं. पंख्याच्या माणसांना ०.५० धरायला सांगितलं, पट्ट्याची खालची कड, कारण दाब कमी मिळाला तरच त्यांची अडचण होते.

जूनमध्ये चाचणीचा नळ बांधला गेला. भिंतीत दाबाची छिद्रं आणि चार जलद सेन्सर. गुणांक मोजला तो ०.५१, मोजमापाची अनिश्चितता ०.०२. भिंतीवरच्या दाबाची शिखरं माझ्या बारीक मेशपेक्षाही दीडपटीहून मोठी निघाली. पत्र्याची जाडी त्या मोजमापावरून ठरली, बाहेरून दोन आडव्या पट्ट्या वाढवल्या, आणि माझ्या रन फाइल्स मोजमापाच्या फाइल्ससोबत एकाच फोल्डरमध्ये जमा करून मी क्लस्टरवरची जागा मोकळी केली.